वहीदभाईंच्या कड्या

वहीदभाईंबद्दल सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. गावात त्यांचा विषय निघाला की सगळे हसायचे. मीही हसायचो आणि काहीतरी काम काढून उठायचो. आता ते नाहीत, आणि मला स्वस्थ बसवत नाही.

बाभुळगावात माणसं त्यांना ओळखायची ती त्यांच्या उठून जाण्यावरून. लग्नाचं जेवण असो की कोणाच्या मयतीचं बसणं, मध्येच त्यांचा चेहरा बदलायचा. "कडी लागली का नाही, पाहून येतो," म्हणायचे आणि चालू लागायचे. एकदा यवतमाळच्या एसटीत बसले, तिकीट काढलं, आणि गावाबाहेर पडताच गाडी थांबवायला लावली.

"काय झालं चाचा? घरी कोनी सिरीयस हाय का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही भाऊ, कोंबड्या हायेत."

विहिरीवरच्या मोटारी बांधण्यात, म्हणजे जळालेली कॉईल काढून नवी गुंडाळण्यात, तालुक्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. ते माझे शेजारी. दोन्ही परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, मागे नाला, नाल्यात रायमुनियाची झुडपं, आणि झुडपांत कोल्हे. त्यांच्या परसातल्या खुराड्याला ट्रकच्या पत्र्याचं दार होतं, आणि त्या दाराला इतक्या कड्या की शाळेतली पोरं बघायला यायची. एक साधी कडी, एक आडवा बोल्ट, एक सायकलची चेन, एक कोंबडीनं चोच मारली तरी वाजणारी घंटी, आणि अशा काही वस्तू ज्यांची नावं त्यांनाच ठाऊक. मी तहसिलीत हेडक्लार्क होतो. आमच्या ट्रेझरीच्या खोलीला एवढा बंदोबस्त नव्हता.

"चाचा," चहावाला म्हणायचा, "आता कोल्हा येईन त लोहार संग घेऊनच येईन."

वहीदभाई हसत नसत. "कोल्हा म्हंजे तपासनीस हाय, बाबूजी," ते मला समजावत. "रोज येत नाही. ज्या दिवशी तुमची चूक असन, बरोबर त्याच दिवशी येते."

कोल्ह्याला माणसाचा वास यावा म्हणून घामाचे सदरे ते संध्याकाळी कुंपणावर टांगायचे. ईदेला उमरखेडहून आलेल्या मुलीनं, सायरानं, ते सगळे सदरे साबण लावून धुतले. वहीदभाई डोक्याला हात लावून बसले. "साऱ्या उन्हाळ्याची मेहनत होती ते! धुऊन टाकली पोरीनं!"

गाव हसलं. पण हा माणूस मुळात असा नव्हता, हे गावाला ठाऊक नाही. मला आहे.

कोंबड्यांचा नाद त्यांच्या बायकोचा, झुबेदाबींचा. वहीदभाई तेव्हा कोंबड्यांवर खेकसायचे, एखादी मोटारीच्या दुकानात शिरली तर पाना भिरकावायचे. झुबेदाबी गेल्या. त्यांच्या कोंबड्यांतली शेवटी एक उरली, ठिपक्यांची चितरी. मग संध्याकाळी भिंतीपलीकडून मला वहीदभाईंचा आवाज ऐकू येऊ लागला. खुराड्यापाशी उकिडवे बसून ते दिवसभराचं सगळं तिला सांगत. कोणाची मोटार जळली, कोण भांडलं. एकदा म्हणाले, "आज नमक जादा पड गया. मालूम है. कुछ बोलना मत."

ते कोंबडीशी बोलत नव्हते, हे मला लगेच कळलं. मी भिंतीवरून मागे सरलो.

तेव्हा खुराड्याला एकच कडी होती, त्यांनीच बनवलेली.

सायराचं बाळंतपण आलं. चितरी खुडुक होती. शेजारून मागून आणलेली अंडी उबवायला तिच्याखाली ठेवली होती, दिवसा ती परसात बांबूच्या डालग्याखाली बसायची. उमरखेडला निघताना वहीदभाई मला म्हणाले, "सांजच्याले तिले उचलून खुराड्यात ठेवा, मंग अंडे ठेवा, मंग कडी. टोचन थोडी, पन मनात ठेवत नाही ते."

दोन-चार संध्याकाळी मी हाताला फडकं गुंडाळून तसं केलं. मग आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या. जेवणाचा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, मी सोवळ्यात. पूजा लांबली, पंगत दिवेलागणीला बसायची होती. परसाकडे निघालो तर बायको म्हणाली, "अहो, आता कोंबडीले हात लावता? मंग आंघोळ करा पुन्हा. ताटं वाढून राह्यली इथं, सवाष्णी खोळंबल्यात."

तिचं चुकलं नाही. दुसऱ्यांदा आंघोळ करायचा कंटाळा माझा. मी पायानंच एक दगड डालग्यापर्यंत सरकवला, फडक्यानं धरून वर ठेवला आणि पुरणपोळी जेवायला बसलो.

सकाळी डालगं उलटं होतं. पिसं नाल्यापर्यंत गेली होती.

इथवर निष्काळजीपणा. पुढचं मी विचार करून केलं. टरफलं पुरली, डालगं भिंतीला टेकवलं, आणि खुराड्याचं दार उघडून ठेवलं.

वहीदभाई परतले तेव्हा त्यांनी काही विचारायच्या आधीच मी बोललो. "खुराड्यातच ठेवली होती, वहीदभाई. कडी सरकली असन."

ते खाली बसले. कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बराच वेळ. मग उठून माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "माह्या हातची कडी हाय. ढिली पडली असन. मले समजाले पाह्यजे होतं. तुम्ही जीवाले नका लावून घेऊ, बाबूजी."

पुढच्या आठवड्यात कळंबच्या बाजारातून त्यांनी पिल्लं आणली आणि दाराला दुसरी कडी बसवली. मग तिसरी. मग ते जेवणातून उठायला लागले.

अखेरीस हात कापायला लागले, मोटारी बांधणं सुटलं. सायरा त्यांना न्यायला आली. कोंबड्या वाटून झाल्या होत्या. ऑटो दाराशी उभा होता. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेलो.

"वहीदभाई, ते चितरीचं..."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमालेही दुःख हाय, मले मालूम हाय. पन गुन्हा माह्या हाताचा. झुबेदा जाताना एकच बोलली होती, मुर्गियाँ संभालना. आता वर गेल्यावर तिले काय सांगू, बाबूजी? याचीच धास्ती हाय. मरनाची नाही."

"अब्बा, चलो," सायरा ऑटोतून म्हणाली. "गाडी सुटन."

शब्द माझ्या तोंडाशी आले होते. फार नव्हते. एका श्वासात झाले असते आणि या माणसाचं ओझं उतरलं असतं. ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "उमरखेडले पोचल्यावर फोन करजा."