दीड मिनिटाची वरात

"लिहून घ्या! नवं गाणं कोणतंही येऊ द्या, धुळ्यात ते पहिल्यांदा वाजणार ते माझ्याच क्लॅरोनेटवर! नाही वाजलं तर हे क्लॅरोनेट पांझरेत सोडून देईन!"

ही भीष्मप्रतिज्ञा लोटन मास्तरांनी एकोणनव्वद सालच्या चैत्रात, भर दुपारी, पानाच्या टपरीवर केली. पांझरा नदी त्या वेळी ठणठणीत कोरडी होती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरांच्याही नाही.

लोटन मास्तरांचा ब्रास बँड म्हणजे एकवीस माणसं, लाल कोट, सोनेरी झालर. घरी मास्तर आपल्या बोलीत बोलत, पण बँडचा विषय निघाला की पाठ ताठ व्हायची आणि भाषा शुद्ध! आणि बँडच्या धंद्यात एक गोष्ट पक्की. लग्नसराईत नवं गाणं जो पहिल्यांदा वाजवतो तो राजा, दुसऱ्या दिवशी वाजवतो तो शिळी भाकर. गेल्या साली शिरपूरच्या नथ्थू मास्तरांनी धुळ्यातल्याच देवपुरात येऊन नवं गाणं लोटन मास्तरांच्या दोन दिवस आधी वाजवलं, आणि मास्तरांच्या मनात संशयाचा किडा शिरला तो शिरलाच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मास्तर तर पाणीही फुंकून पिऊ लागले. उसाच्या रसवाल्यानं शिट्टी वाजवली तरी ते थांबून विचारत, "ही चाल तुला कोणी शिकवली?"

धुळ्यात कॅसेट घेणं तर त्यांनी बंदच केलं. दुकानदार गाणं लावतो, रिक्षावाला ते गुणगुणतो, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं चाल शिरपूरला पोचते! म्हणून मास्तर थेट जळगावला जात, तिथून पिंप्राळ्याला. तिथं रुपचंदचं कॅसेटचं एवढंसं दुकान होतं.

या वर्षी तर जीवन-मरणाचा प्रश्न होता. देवपुरातल्या आधार आबांच्या नातीचं लग्न. नवरदेव शिरपूरचा, म्हणजे त्याच्याबरोबर नथ्थूचा बँड येणार. मुलीकडून लोटन मास्तरांचा. दोन्ही बँड समोरासमोर, आणि बघायला अर्धा जिल्हा! तिथं जिंकला त्याची वही पुढच्या दोन सालांच्या तारखांनी भरणार. हरला त्याच्या एकवीस माणसांनी लाल कोट खुंटीला टांगायचे.

लग्नाआधी पंधरा दिवस मास्तर पिंप्राळ्याला पोचले, आणि दुकानाच्या दारातच त्यांचे पाय थबकले. आत नथ्थू!

मास्तर टुणकन शेजारच्या रसवंतीच्या पडद्यामागे गेले. दुकानातून विचित्र आवाज येत होता. पत्र्याच्या छपरावरून कोणी चार-पाच डबे आणि दोन माणसं एकदम खाली ढकलून द्यावीत, तसा. आणि त्या गदारोळात नथ्थू खूश होऊन सांगत होता.

"हाईच जोयजे, रुपचंदभाऊ! याना म्होरे कोनी टिकाव नही. बठ्ठा पयी जातीन!"

"सगळ्यांना पळवून लावायचं? एवढा त्रास आहे का?" रुपचंदनं विचारलं.

"भलता! टोळी माजी गयी शे. दरसाल येतस, बठ्ठं उपटी टाकतस. आनि त्यासना तो म्होरक्या! काया, दांडगा, मानवरना केस हुभा! तो म्होरे, बाकीना त्याना मांगे."

पडद्यामागे लोटन मास्तरांनी हळूच आपल्या मानेवरून हात फिरवला. केस उभेच होते. रंगाबद्दल तर बोलायलाच नको, आणि बँडच्या पुढे चालायची सवय तीस वर्षांची! म्हणजे टोळी आपली, आणि म्होरक्या आपण!

नथ्थू गेल्यावर ते दुकानात शिरले.

"आत्ता जी वाजत होती ती कॅसेट. मला द्या."

"ती? त्यांना मी दोन्ही बाजूंनी भरून दिली, मूळची इथंच आहे. मुंबईचा एक कॉलेजातला पोरगा नापास होऊन घरी गेला, जाताना टाकून गेला." रुपचंदनं आतला छापील कागद उलगडून वाचला. "पंक रॉक म्हणतात म्हणे. दहा-बारा वर्षांपूर्वीचे विलायतेतले सगळ्यात जहाल, सगळ्यात रानटी बँड, असं लिहिलंय. पण मास्तर, तुमच्याकडेही तोच त्रास आहे का?"

"त्रास?" मास्तर दात ओठ खात म्हणाले. "त्याचं नाव काढू नका!"

"मग घेऊन जा. जालीम उपाय आहे."

कसला त्रास, कसला उपाय, एवढा एक प्रश्न मास्तरांनी विचारला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण विचारलं तर रुपचंदला संशय येईल, असा मास्तरांना संशय आला!

घरी येऊन त्यांनी दारं-खिडक्या लावून कॅसेट सुरू केली. कोणीतरी इंग्रजीत एक ते चार आकडे ओरडून मोजले आणि मग जे काही सुटलं, ते ऐकून मास्तरांच्या पत्नी द्रौपदाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या.

"आहो, हाई काय लावं? चक्कीना पट्टा तुटना का?"

"गप बस! नथ्थूनं हत्यार आणलंय."

मास्तर कान देऊन ऐकू लागले. कसलेला माणूस, लगेच ध्यानात आलं. स्वर तीनच! गाणारा गात नव्हता, उधारी बुडवलेल्या गिऱ्हाईकावर ओरडावं तसा ओरडत होता. आणि गाणं दीड मिनिटात खलास! कागदावर फोटो होता. चार काटकुळी पोरं, फाटके सदरे, एकाच्या तर कानातच सेफ्टी पिन.

"चार माणसांत एवढा आवाज?" मास्तरांनी फोटो उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "शक्यच नाही. बाकीचे सतरा मागं लपवलेत!"

दुसऱ्या दिवसापासून कापसाच्या रिकाम्या गोदामात तालीम सुरू झाली. खिडक्यांत कापूस कोंबला. आपल्यातही नथ्थूचा माणूस असेल, या भीतीनं मास्तरांनी कोणालाच पूर्ण चाल शिकवली नाही. ट्रम्पेटवाल्याला एक तुकडा, बाजावाल्याला दुसरा, आणि प्रत्येकाला वेगळ्या वेळेला बोलावून! ओरडण्याचं काम क्लॅरोनेटवर त्यांनी स्वतःकडे घेतलं.

मोठा ढोल वाजवणारा वना पहिल्याच दिवशी हबकला.

"मास्तर, हाई गानं नही, हाई भांडन शे!"

"वाजव! जेवढा राग असेल तेवढा वाजव."

वना तसा गरीब माणूस. पण त्यानं डोळे मिटले आणि घरमालक, मेहुणा आणि दोन सालांपासून न मिळालेलं रेशन कार्ड, सगळ्यांना आठवून ढोल असा बडवला, की गोदामातली घूस बाहेर पडून पुन्हा आली नाही. थांबला तेव्हा तो घामानं चिंब होता आणि हसत होता.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "बरं वाटनं हो!"

खरं सांगायचं तर मास्तरांनाही बरं वाटलं होतं. तीस वर्षं लोकांच्या लग्नात गोड वाजवून वाजवून त्यांचा जीव आंबला होता. पण हे त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला देवपुरात मांडवासमोर दोन्ही बँड उभे ठाकले. मधे पांढऱ्या घोडीवर नवरदेव, कडेला फेटा बांधलेले आधार आबा, गच्च्यांवर बायका, झाडावर पोरं. नथ्थूनं सुरुवात केली ती एका जुन्या, गोड, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या चालीनं.

"ढोंग!" मास्तर वनाच्या कानात पुटपुटले. "खरा बाण भात्यात ठेवलाय. तो काढायच्या आत आपण सोडायचा!"

त्यांनी क्लॅरोनेट उंचावलं आणि सगळं बळ एकवटून ओरडले, "वन! टू! थ्री! फोर!"

एकवीस माणसांनी एकवीस तुकडे एकदम सोडले. पूर्ण चाल कोणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे ज्याला जे येत होतं ते त्यानं जिवाच्या आकांतानं वाजवलं. आणि गंमत म्हणजे, ते हुबेहूब कॅसेटीतल्यासारखं वाजलं!

घोडी आधी दोन पायांवर उभी राहिली, मग तिनं विचार बदलला आणि नवरदेवासकट पांझरेच्या दिशेनं निघाली. अक्षतांचं ताट भटजींच्या डोक्यावर पालथं झालं. चार तरुण पोरांनी नाचायला हात वर केले, पण पाय उचलायच्या आत गाणं संपलं! दीड मिनिट!

मुंडावळ्यांचं एक फूल तेवढं रस्त्यावर पडलेलं.

"लोटन," आधार आबा कसेबसे म्हणाले, "हाई काय वाजाडं रे भाऊ? घोडी कोठे गयी?"

मास्तर मात्र नथ्थूकडे बघत होते, छाती फुगवून. नथ्थू आ वासून पुढं आला. त्याच्या तोंडावर पराभव नव्हता. काळजी होती!

"मास्तर, तुम्ही बी वावर लिधं का? डुक्करे येतस का तुमनाकडे?"

"डुकरं?"

"आहो, रानडुक्करे! मना मकाना वावरमा टोळी येस सातपुडातीन. भोंगावर हाई कॅसेट लाई दिधी का बठ्ठा पयी जातस. म्होरक्या काया डुक्कर बी! पन वरातमा?" नथ्थूनं कानाला हात लावला. "वरातमा वाजाडनारा तुम्ही पहिलाच!"

काळा, दांडगा, मानेवरचे केस उभे! मास्तरांचा हात पुन्हा मानेवर गेला आणि तिथंच राहिला. आधी गच्चीवरच्या बायका हसल्या, मग झाडावरची पोरं, मग अर्धा जिल्हा. नवरदेव तासाभरानं पलीकडच्या काठावर सापडला, घोडी त्याच्याही पलीकडे. मानाचा नारळ नथ्थूला मिळाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर क्लॅरोनेट घेऊन पांझरेच्या पुलावर गेले. शब्द म्हणजे शब्द! खाली वाकून पाहिलं तर वाळू, आणि वाळूत उन्हाला बसलेली एक म्हैस. तिच्या डोक्यात क्लॅरोनेट घालायचं की काय? मग त्यांना आठवलं, प्रतिज्ञा काय होती? नवं गाणं धुळ्यात पहिल्यांदा वाजवायची! मग? वाजवलं की! खुद्द नथ्थूनं चारचौघांत कबूल केलं होतं. मास्तर क्लॅरोनेट बगलेत मारून घरी आले.

पण तारखा मात्र कोणी मागायला आलं नाही. महिनाभर वही कोरी. वना रोज येऊन दारात बसायचा आणि रिकाम्या हातानं परत जायचा. आपल्या संशयानं एकवीस घरांचे कोट खुंटीला लागले, हे त्यांना लख्ख कळत होतं.

आणि एका सकाळी दारात सातपुड्याच्या पायथ्याचा एक शेतकरी उभा राहिला. निंबा नाव.

"घोडी पयाडनारा लोटन मास्तर तुम्हीच का?"

निंबानं दुखत्या जागीच बोट ठेवलं होतं!

"आमनी डुक्करेसले त्या कॅसेटनी सवय व्हई गयी हो! आते भोंगाजवयच झोपतस. सोता येशात का, बँड लिसन? आठ-दहा वावरवाला आम्ही मियीसन बलावतस."

वना ताडकन उठून उभा राहिला. मास्तरांचे डोळे मात्र बारीक झाले.

"खरं बोल. तुला नथ्थूनं पाठवलंय ना?"

"हा, त्यासनीच धाडं!" निंबा भोळेपणानं म्हणाला. "म्हनेत, हाई काम मनं नही. याले लोटन मास्तरच जोयजे!"

आतून द्रौपदाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. खुंटीवरचा लाल कोट काढला, झालरीवरची धूळ झटकली, वही उघडली आणि पाठ ताठ करून शुद्ध भाषेत म्हणाले, "येतो. पण एक अट आहे. चाल कोणती वाजवणार, हे आधी कोणालाही कळता कामा नये."

"डुक्करेसले बी नही?"

मास्तरांनी उठून दार लावून घेतलं.

"त्यांना तर अजिबात नाही!"