हिची दुपारची झोप

कारखान्यात तीनशे माणसांच्या पाळ्या मी लावतो, आणि एकोणीस वर्षांत एकाही पाळीचा घोळ झालेला नाही. तेव्हा बायकोला एक दुपार निवांत झोपवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चाललो होतो.

झालं असं, की लग्नाच्या सव्विसाव्या वाढदिवसाला काय हवं, म्हणून मी हिला विचारलं. मला वाटलं, साडी म्हणेल, फार तर अंगठी. ही म्हणाली, "मला एकदा दुपारी झोपायचंय. कुणी उठवायचं नाही."

मला वाईट वाटलं. कारण ही आडवी झाली की एकतर दार वाजतं, नाहीतर माझा चष्मा हरवतो. मी तडक शहराच्या मधोमध असलेल्या एका छोटेखानी पण ऐषारामी हॉटेलात खोली घेतली आणि हिला बजावलं, की दोन दिवस इकडची काडी तिकडे करायची नाही.

खोली काय वर्णावी! खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, आणि आत टाचणी पडली तर ऐकू यावी. पलंगावर नऊ उश्या. न्हाणीघराला भिंतीऐवजी काच. पडद्याचं बटण दाबलं की दिवे जायचे, दिव्यांचं दाबलं की पडदा सरकायचा. कपाट तर सापडेचना. शेवटी थकून मी भिंतीला टेकलो आणि भिंत उघडली. तेच कपाट होतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला निघताना ही म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच. आली ती पाऊण तासानं. टबात डुंबत असेल, असं समजून मी खूश झालो. मग आम्ही बाजारात भटकलो, बाहेरच जेवलो आणि दोनच्या सुमाराला पाय ओढत परतलो. हिला तर लिफ्टमध्येच पेंग येत होती. माझं वेळापत्रक मिनिटाबरहुकूम चाललं होतं.

"किल्ली काढा," दाराशी ही म्हणाली.

"तुझ्याकडे आहे ना?"

"मी टेबलावर ठेवली. जागच्या जागी."

एवढ्यात दार आतूनच उघडलं! पांढरा झगा घातलेले एक गृहस्थ डोकावले. मागे आमच्या नऊ उश्यांमध्ये त्यांची बायको पहुडली होती. त्यांनी मला खोली चुकलात म्हणून सुनावलं, मी त्यांना घुसखोर ठरवलं. शेवटी पुरावा म्हणून मी सरळ आत शिरलो आणि भिंतीला पाठ लावली. भिंत उघडली, आमची बॅग दिसली आणि त्या बाई किंचाळल्या. तासभर त्या कपाटच शोधत होत्या म्हणे.

खाली व्यवस्थापकबाईंनी चौकशी केली आणि त्या पार ओशाळल्या. सफाईच्या मावशींनी खोली रिकामी झाल्याचं कळवलं होतं. चादरीवर सुरकुती नाही, काचेवर थेंब नाही, सामान दिसत नाही आणि किल्ली टेबलावर. मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांची खोली इतकी आवरलेली त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

मी हळूच हिच्याकडे पाहिलं.

"परकी बाई येऊन आपला पसारा बघणार," ही म्हणाली. "काय म्हणेल ती? म्हणून जरा हात फिरवला."

व्यवस्थापकबाईंनी वरच्या मजल्यावरची मोठी खोली देऊ केली, अर्ध्या तासात तयार होईल म्हणाल्या. हिला स्वागतकक्षातल्या सोफ्यावर बसवून मी सही करायला गेलो. परत येऊन बघतो तर ही पर्स कवटाळून गाढ झोपलेली. शेजारी फोन वाजत होते, चाकांच्या बॅगा खडखडत होत्या, दार उघडलं की रस्त्यावरचे हॉर्न थेट आत येत होते. हिला त्याचं काही नव्हतं.

व्यवस्थापकबाई किल्ली घेऊन आल्या. मी ओठांवर बोट ठेवलं, तशा त्या किल्ली माझ्या हातात ठेवून पावलं न वाजवता परत गेल्या. मग मी सोफ्याशी पहारा दिला. बॅगांचा एक अख्खा तांडा मी नुसत्या हातवाऱ्यांनी पलीकडून वळवला. मध्येच माझा चष्मा हरवला, पण मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

पाच वाजता ही उठली. आधी सोफ्याच्या उश्या थोपटून सारख्या केल्या, मग माझ्या कपाळावरचा चष्मा ओढून नाकावर बसवला. चेहरा असा टवटवीत, की मला भरूनच आलं. मी ऐटीत किल्ली पुढे केली आणि वर चल म्हटलं.

"आता कशाला?" ही म्हणाली. "झोप झाली की. उगाच चादर विस्कटेल."