मशीनची बोहनी

सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि बालाघाटातल्या भांड्यांच्या दुकानात भोजराजच्या हातातली कार्डाची मशीन तिसऱ्यांदा तेच सांगत होती, की व्यवहार होऊ शकत नाही, कृपया कंपनीशी संपर्क करा. मशीन हिंदीत बोलायची, तेही एखादी नवी सूनबाई बोलावी तशी गोड आवाजात. त्या गोडव्याचा भोजराजला आज पहिल्यांदाच संताप आला.

समोरच्या दोन खुर्च्यांवर लालबर्रा गावाहून आलेली माणसं बसली होती. एक पुनाराम गुरुजी, निवृत्त मास्तर आणि नशामुक्त सामूहिक विवाह समितीचे अध्यक्ष. दुसरे गजेंद्र, समितीचे खजिनदार, खिशात समितीच्या नावाचं कोरं करकरीत कार्ड घेऊन आलेले. परवा एकवीस लग्नं लागायची होती आणि प्रत्येक जोडप्याला समितीकडून एक हंडा, एक परात आणि पाच ताटं मिळायची होती. बाहेर ट्रॅक्टर उभा होता. फक्त पैसे व्हायचे राहिले होते.

आता भांड्यांच्या धंद्यात माल पडून राहिला तरी कोणी रडत नाही. आज नाही तर दिवाळीला जातो. पण या भांड्यांवर नावं पडली होती. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर नाव नसेल तर ते भांडं मिळालं असं कोणी मानत नाही, म्हणून भोजराजनं दोन दिवस माणूस बसवून एकशे सत्तेचाळीस नगांवर टकटक करून जोडप्यांची नावं घालून घेतली होती, वर हौसेनं एकेक मोरही काढवला होता. दुसऱ्याच्या नवरा-बायकोचं नाव असलेली परात कोण विकत घेणार? हा सौदा मोडला, तर सगळा माल मोडीत काढण्याखेरीज गत्यंतर नव्हतं, आणि तसं झालं तर दुकानाचं कंबरडंच मोडणार होतं. भोजराजला हे नीट ठाऊक होतं.

त्यानं चेक सुचवला. गुरुजी म्हणाले, चेकवर तीन सह्या लागतात आणि तिसरे सहीवाले महागू डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलेत. फोनवरून पाठवावेत, तर एवढी मोठी रक्कम एका दिवसात जात नव्हती. रोख द्या म्हणायची तर सोयच नव्हती. गेल्या वर्षी गावानं समितीवर पैसे खाल्ल्याचा आळ घेतला होता, तेव्हापासून गुरुजींनी नोटेला हात न लावायची शपथ घेतली होती.

"अन् उधारीवर आम्ही सुई घेत नाही," गुरुजी म्हणाले. "चार वाजेपर्यंत पाहू. नाही जमलं तर वारासिवनीहून बिननावाचे घेऊन घेऊ."

बिननावाचे. गुरुजींना चहा सांगून भोजराज मागच्या खोलीत गेला आणि त्यानं कंपनीला फोन लावला. अर्धा तास फोनवरची बासरी ऐकल्यावर पलीकडे अंकित नावाचा माणूस आला. त्यानं फार अदबीनं सांगितलं, की आपली मशीन आम्हीच बंद केली आहे, कारण तिच्यावर संशयास्पद व्यवहार आढळले. गेले त्रेचाळीस दिवस रोज सकाळी नऊ वाजता एकच गिऱ्हाईक एकच कार्ड घासून अकरा रुपयांची खरेदी करतं. हे कोण?

ते गिऱ्हाईक म्हणजे स्वतः भोजराज.

झालं होतं असं, की मशीन आली त्या दिवसापासून भोजराजला एका गोष्टीची रुखरुख होती. दिवसाची बोहनी, म्हणजे पहिली विक्री, रोखीनं व्हावी, उधारीनं बोहनी झाली की दिवसभर दुकानात माशा, हे त्याच्या वडलांपासून चालत आलेलं. आणि क्रेडिट कार्ड म्हणजे शुद्ध उधारी. सकाळी सकाळी एखादा कार्डवाला आला तर? यावर त्यानं स्वतःच तोडगा काढला. रोज दुकान उघडलं, की मशीनला उदबत्ती ओवाळायची, कुंकवाचं बोट लावायचं आणि स्वतःच्या कार्डानं अकरा रुपयांची बोहनी करून टाकायची. तीही उधारीच होती, पण घरातल्या घरात होती. "ग्यारह रुपये प्राप्त हुए" असं मशीन म्हणाली, की तो हात जोडायचा.

हे त्यानं अंकितला जमेल तसं हिंदीत समजावून सांगितलं. अंकितनं शांतपणे विचारलं, की त्या अकरा रुपयांत तुम्ही काय विकत घेत होता. भोजराज म्हणाला, काही नाही. मग विकत कोण होतं? मीच. अंकित म्हणाला, की आमच्या नियमात याला बनावट विक्री म्हणतात. आपलंच कार्ड आपल्याच मशीनवर घासून उधारीचे पैसे रोख करून घेणारे भामटे असतात.

"अरे बापा, अकरा रुपयांसाठी कोण भामटेगिरी करते?" भोजराज कळवळून म्हणाला.

"हमने भी यही सोचा, सर," अंकित म्हणाला. "इसीलिए मामला बड़ा लग रहा है."

मार्ग होता. गिऱ्हाइकाचं लेखी पत्र हवं, की आपली फसवणूक झालेली नाही, आणि दुकानदाराचं पत्र हवं, की या गिऱ्हाइकाला आपण ओळखतो. भोजराजनं हिशेबाच्या वहीची दोन पानं फाडली. एकावर लिहिलं, की मी या दुकानाचा नियमित ग्राहक असून दुकानदार भोजराज यांच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. दुसऱ्यावर लिहिलं, की ग्राहक भोजराज यांना मी लहानपणापासून ओळखतो, गृहस्थ सरळ आहे. दोन्ही पानांचे फोटो गेले. दहा मिनिटांनी अंकितचा फोन आला, की दोन्ही सह्या एकाच हाताच्या दिसतात, त्यामुळे संशय वाढला आहे. आता चौकशी होईल. सात दिवस लागतील.

भोजराज पोत्यावर बसला. त्याची बायको कमला दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

दोन वाजले, तीन वाजले. बाहेर गुरुजींनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं आणि गजेंद्रनं कुणाला तरी वारासिवनीच्या भांडेवाल्याचा नंबर विचारला. तो ऐकल्यावर भोजराज मागच्या दारानं निघाला. चार दुकानं सोडून इंग्रजी दारूचं दुकान होतं आणि तिथला मॅनेजर लोकेश त्याच्या ओळखीचा होता. लोकेशची मशीन कधी बंद पडत नसे. तिला तेवढा वेळच मिळत नसे. लोकेश भला माणूस. भोजराजचं तोंड पाहूनच त्यानं मशीन काढून दिली, संध्याकाळी मालकाला सांगून पैसे पोचते करतो म्हणाला. भोजराजनं ती गमछ्यात गुंडाळली आणि काखेत धरून आणली.

"मशीन कोणाची हाय ते सांगून द्या गुरुजींले," कमला दबक्या आवाजात म्हणाली.

"सांगतो न. आधी भांडे तर जाऊ दे."

"नंतर सांगायले तोंड राहीन का जी?"

त्यानं ऐकलं नाही. कार्ड लागलं, गजेंद्रनं आकडे दाबले, आणि एक लाख चौतीस हजार रुपये बिनबोभाट कटले. मशीनमधून निघालेली चिठ्ठी भोजराजनं घाईघाईनं घडी करून स्वतःच्या खिशात घातली आणि गुरुजींच्या हातात आपल्या दुकानाचं छापील बिल दिलं. गुरुजी प्रसन्न झाले. एवढा स्वच्छ व्यवहार गेल्या वर्षी झाला असता तर ती बदनामी झाली नसती, असं म्हणून त्यांनी भोजराजला जोडीनं लग्नाला यायचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. ट्रॅक्टर हलला तेव्हा भोजराजच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचलो, असं त्याला मनापासून वाटलं.

ठरल्या दिवशी लालबर्र्याच्या मांडवात एकवीसही लग्नं लागली. नवरदेवांनी दारूला न शिवण्याची शपथ घेतली. गुरुजींनी भोजराजला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला आणि पहिल्या रांगेत बसवलं. मग त्यांनी जाहीर केलं, की यंदा आमच्या हिशेबाला कोणाचा हात लागलेला नाही, बँकेनं जे छापलं तेच खजिनदार जसंच्या तसं वाचतील. गजेंद्र लांबलचक कागद घेऊन माइकपुढे आले. उठून थांबवावं असं भोजराजला वाटलं, पण तोवर वाचन सुरू झालं होतं.

गजेंद्र एका सुरात वाचत सुटले. मांडव आणि खुर्च्या, अठ्ठेचाळीस हजार. तांदूळ आणि डाळ, एकाहत्तर हजार. इंग्रजी दारू दुकान, बालाघाट, एक लाख चौतीस हजार. वीज आणि... इथं त्यांची जीभ थांबली.

हजार माणसांचा मांडव, पण पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. गुरुजी पांढरेफटक पडले. आयुष्यभर सुपारीचं खांडही न खाल्लेला तो माणूस कागदाकडे बघत नुसता उभा होता. ते पाहून भोजराजला राहवलं नाही. शाल सावरत तो मंचावर चढला आणि त्यानं माइक धरला.

"गुरुजींचा काही दोष नाही जी," तो म्हणाला. "ते भांडेच होते. मशीन दारूच्या दुकानातली, ते मी गमछ्यात लपवून आणलती. त्यायले माहीतच नोहतं."

खरं बोलला बिचारा, पण मांडवातल्या एकाही चेहऱ्यावर ते पटल्याचं दिसेना. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. कमलानं पदर तोंडाशी नेला. आणि त्या शांततेत परसवाड्याच्या वरातीतला एक म्हातारा शेजारच्याला हळूच विचारायला गेला, ते सगळ्यांनाच ऐकू आलं.

"काल सकाळपासून आपण नुसता शरबत पिऊन राह्यलो. मंग एवढी सारी गेली कुठी?"