नाना आणि दोन तबकड्यांचं घड्याळ

माझे सासरे पहिल्यांदा शाहूपुरीत आमच्या घरी आले, तेव्हा शेजारच्या बंडूनानांनी त्यांच्या तोंडाकडं पाच मिनिटं टक लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "पावणं, कवळी झ्याक हाय, पण मूळची न्हाय की!" सासरे तेव्हापासून आमच्याकडं तोंड मिटूनच हसतात.

नाना जुनी घड्याळं पारखतात. "मूळचं किती, मागनं बशिवल्यालं किती?" हा त्यांचा साऱ्या जगाला एकच सवाल. लाकडाचा वास घेतील, स्क्रूची खाच भिंगातून बघतील. लग्नाला गेले तरी नवरदेवाच्या केसांवर यांचा संशय. आणि एकदा 'न्हाय' म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी त्याचं 'व्हय' होत नाही. म्हणून तर लोक त्यांच्या शब्दावर डोळे झाकून विसंबतात.

परवा मुरगूडहून एक आजी आल्या. बरोबर मुलगा आणि त्यानं गाठलेला एक खरेदीदार. मुलाच्या हातात वडिलांच्या हौसेचं अमेरिकन घड्याळ. वरच्या तबकडीवर वेळ, खालच्या तबकडीवर तारीख. नाना 'मूळचं' म्हणाले तरच खरेदीदार ते घेणार होता. मी बॅटरी धरून उभा. आतला कारखान्याचा पिवळा कागद जसाच्या तसा, एकाही स्क्रूला ओरखडा नाही. नानांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, हा माणूस आता नाचणार.

चालवून बघायची वेळ आली. मुलगा म्हणाला, "आई, चावी दे की."

आजींनी पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. "दर ऐतवारी ह्येच चावी द्यायचे. ह्ये गेल्यापास्नं मी देतो," एवढंच म्हणाल्या.

नानांनी भिंग खाली ठेवलं. "पावणं, समदं बनावट. कागद झेरॉक्सचा, खालची तबकडी कालपरवाची. न्हाय!"

खरेदीदार चहालाही थांबला नाही. मुलगा हिरमुसला. आजींनी मात्र घड्याळ स्वतःच उचललं आणि पदरानं पुसत पुसत गाडीपर्यंत नेलं.

ते गेल्यावर मी नानांना धरलं. "नजर गेली काय तुमची? सगळं मूळचं होतं!"

"व्हय. काट्यापास्नं लोलकापतोर."

"मग?"

नाना उगाच भिंग पुसत बसले. "आमची ही गेल्यावर तिचं शिलाई मशीन मीच तपासलं. समदं मूळचं हाय, म्हणून मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक घिऊन गेलं."



"अजून कुटं तसलं मशीन दिसलं की वाकून बघतो," नाना म्हणाले. "तिचं न्हाय निघत."