क्वालिस बंद पडेपर्यंत

नवीन गाडी रविवारी येणार होती, त्यामुळे शनिवार संपायच्या आत जुनी गाडी बंद पडणं आवश्यक होतं. सुमितने सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला, दुसरा मार्ग नव्हता. मानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, आणि त्या पार्किंगमध्ये गेली बावीस वर्षं पप्पांची टोयोटा क्वालिस उभी होती. बिल्डिंगला दोनदा रंग लागला, लिफ्ट बदलली, वॉचमन सात झाले. क्वालिस तीच.

पप्पांनी, म्हणजे जगन सोनावण्यांनी, गाडी विकायला नकार दिलेला नव्हता. त्यांनी अट घातली होती, तीही सोसायटीच्या वार्षिक सभेत, माईक हातात घेऊन. "ज्या दिवशी ही गाडी मला रस्त्यात सोडेल, त्या दिवशी मी तिला सोडेन. त्याच्या आधी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी त्र्यंबक पाध्ये यांनी ते वाक्य सभेच्या इतिवृत्तात शब्दशः उतरवून घेतलं, त्यामुळे ते आता मागे घ्यायलासुद्धा सभा बोलवावी लागली असती.

जगन भिवंडीत चौतीस वर्षं मागांवर फिटर होते. गाडीवरची त्यांची श्रद्धा गाडीपासून सुरूच होत नव्हती, ती मागापासून सुरू होत होती. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी हा इतिहास यायचा.

"टोयोटावाले आधी गाड्या नव्हते बनवत. माग बनवायचे, माग. सुताराचा पोरगा होता तो. आई दिवसभर मागावर राबते ते बघितलं आणि बसला सुधारायला. असा माग बनवला, की एक धागा तुटला तर मशीन स्वतःहून थांबणार. माणसाने बघायचं नाही, ओरडायचं नाही. आपल्याकडे काय व्हायचं? धागा तुटायचा, माग चालू, पाच मीटर कापड फुकट, आणि मुकादम आपल्या नावाने शिमगा करणार." इथे ते थांबायचे. "मग त्याच्या पोराने गाड्या काढल्या. नावसुद्धा बदललं थोडं. का? तर जपानी अक्षरात ते आठ फटकाऱ्यांत लिहून होतं, आणि आठ शुभ. एवढा विचार करणारी माणसं. त्यांची गाडी आहे ही. तिचा धागा तुटला की ती स्वतः थांबेल. तोपर्यंत आपण कोण तिला रिटायर करणारे?"

तोवर पाहुण्याचा चहा निवायचा. सुमितला हा इतिहास पाठ होता. पण प्रियांकाला, म्हणजे बायकोला, त्याने शब्द दिलेला. तिचं ऑफिस ठाण्यात, दोन महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालेलं, आणि क्वालिसच्या स्टिअरिंगला पप्पा कुणाला हात लावू देत नव्हते. नवीन गाडी तिच्यासाठी होती.

"रविवारी गाडी आली आणि ठेवायला जागा नाही," प्रियांका म्हणालेली, "तर मी ती आपल्या बेडरूममध्ये लावेन. तू बघ तू कुठे झोपतोस."

म्हणून सुमित बुधवारी रघुच्या गॅरेजमध्ये गेला.

"रघु, काहीतरी छोटंसं बिघडव. लोकांना त्रास नको, ब्रेक वगैरे अजिबात नाही. फक्त चालू नको झाली पाहिजे."

रघुने हात पुसले, आणि फडकं खांद्यावर टाकलं. "दादा, तिच्यात बिघडवायला गेलो तर माझा हात बिघडेल. माझ्या बापाने दोन हजार अकराला तिचं इंजिन उघडलेलं. काय झालं नव्हतं, सहज. बघितलं, आणि परत बंद केलं. घरी आला आणि त्या दिवशी प्यायला नाही."

"अरे, मग मी काय करू?"

"बॅटरीची वायर सैल करा. पण मी सांगितलं असं बोलू नका." मग दबक्या आवाजात म्हणाला, "तिलापण सांगू नका."

बुधवारी संध्याकाळी सुमितने वायर सैल केली. गुरुवारी सकाळी क्वालिस अर्ध्या किल्लीत सुरू झाली. गुरुवारी त्याने आणखी सैल केली. शुक्रवारी ती पाव किल्लीत सुरू झाली. सुमित बॉनेट उघडून बघतो तर वायर अशी घट्ट, की कंपनीतून आल्यावरसुद्धा नसेल. त्याने बॉनेट हळूच खाली ठेवलं. रात्री त्याने इंटरनेटवर जगभरच्या टोयोटावाल्यांचे अनुभव वाचले. कुणाची वाळवंटात चालत होती, कुणाची बर्फात, एकाची आजोबांपासून चालत होती. बंद कशी पाडावी, हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. कुणाला तसा प्रश्नच पडला नव्हता.

शेवटचा उपाय होता मुंब्रा बायपासचा चढ.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ हेमाआत्या राहायची, जगनची बहीण. तिला यांच्याकडची जुनी घरघंटी हवी होती. सुमितने शनिवारी सकाळी ती घरघंटी स्वतः उचलून गाडीत टाकली. सोबत आत्याचं लोखंडी कपाट टपावर बांधलं, जे ती वर्षापूर्वी इथे ठेवून विसरलेली. आई, म्हणजे रमाबाई, पुढे बसल्या. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर सुमित, प्रियांका आणि घरघंटी. इतक्यात जगननी जिन्याकडे बघून हाक मारली, "पाध्येसाहेब, ठाण्याला येताय? या की. अजून कोण असेल तर त्यांनापण घ्या."

त्र्यंबक पाध्ये आले, आणि आपल्या दोन मेहुण्यांना घेऊन आले.

"जगनरावांचं औदार्य विलक्षण आहे," ते सुमितच्या मांडीला मांडी लावून म्हणाले. "गेले दोन महिने मी यांच्यासोबत रोज येतो. दिवा गावाच्या त्या खड्ड्यांच्या रस्त्याने माझी पाठ मोकळी झाली. डॉक्टरांना सहा वर्षांत जमलं नव्हतं."

"दिव्याच्या रस्त्याने?" सुमितने विचारलं. "तुम्हाला तर कल्याणला जायचं असतं ना?"

"हो. पण ते आधी दिव्याला नेतात."

गाडी निघाली. शिळफाट्यापर्यंत खड्ड्यांनी जे करायचं ते केलं. घरघंटी तीनदा सुमितच्या पायावर आली. डॅशबोर्डवरचा छोटा बुद्ध बावीस वर्षांप्रमाणे आजही डोळे मिटून बसला होता. सुमितला पहिल्यांदाच वाटलं, हा गाडीकडूनच काहीतरी शिकलाय.

मग चढ सुरू झाला. डाव्या कडेला एक कंटेनर मान टाकून उभा होता. त्याच्यापुढे एक टेम्पो, चाकाखाली दगड लावून. त्याच्यापुढे एक चकाचक नवीकोरी गाडी, नंबरप्लेटवर अजून झेंडूची माळ, बॉनेट उघडं, आणि मालक मोबाईलवर कुणाला तरी सर, सर म्हणत होता. क्वालिस सात माणसं, एक कपाट आणि एक घरघंटी घेऊन त्यांच्या बाजूने वर गेली. धापा नाहीत, धूर नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, शाळेतल्या हेडमास्तरीण बाई व्हरांड्यातून जातात तशी. टेम्पोवाल्याने बिडी तोंडातून काढली. कुणी सांगितलं नव्हतं, पण काढली.

"बघितलं?" रमाबाई मागे वळून म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं संसार ओढतेय तशी ओढते."

सुमितने आशा सोडली. प्रियांकाने खिडकीतून मागे जाणाऱ्या त्या नव्या गाडीकडे वळून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

आणि अगदी माथ्यावर, चढ संपल्यावर, गाडी कडेला घेतली गेली आणि थांबली.

सुमित पुढे झेपावला. "पप्पा! बंद पडली?"

"नाही," जगन म्हणाले. इंजिन शांतपणे घुमत होतं. "मी पडलो. गुडघा धरलाय. डावा. क्लच दाबला जात नाहीये."

सगळे उतरले. जगनना धरून मागच्या बाकड्यावर आणलं. आता गाडी कोण चालवणार? पाध्येंना आणि त्यांच्या मेहुण्यांना रिक्षाचं मीटरसुद्धा वाचता येत नव्हतं. सुमित जन्मभर स्कूटरवाला. रमाबाईंनी सुनेकडे बघितलं.

"जा गं, बस."

"पप्पा, चालेल ना?" प्रियांकाने विचारलं.

जगननी डोळे मिटून मान हलवली, मुलगी सासरी पाठवताना हलवतात तशी.

प्रियांका बसली, आरसा खाली केला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एक गचका दिला आणि इंजिन थांबलं. बायपासवर क्षणभर फक्त वारा ऐकू आला.

"बंद पडली!" सुमित किंचाळला. "पाध्येकाका, तुम्ही साक्षीदार आहात. रस्त्यात बंद पडली!"

"पडली नाही, तिने पाडली," जगन गुडघा चोळत म्हणाले. "क्लच हळू सोड, पोरी. ती घाबरत नाही. तू घाबरू नको."

पाध्येंनीही विचार करून सांगितलं, की इतिवृत्तात 'मला रस्त्यात सोडेल' असा शब्द आहे, आणि मला म्हणजे जगनरावांना. सुनेने थांबवलेली गाडी त्यात बसत नाही.

दुसऱ्यांदा क्वालिस निघाली. उतारावर प्रियांकाचे खांदे ताठ होते, खारेगावला सैल झाले, कळव्याच्या पुलावर ती चक्क गुणगुणत होती. मागे घरघंटीच्या पलीकडून जगन सुमितच्या कानाशी वाकले.

"सुम्या, नवीन गाडीला क्लच नसतो म्हणे. खरं का?"

"नाहीच आहे पप्पा. ऑटोमॅटिक आहे."

"मग आण ना लवकर. दोन महिने झाले, पाय उचलत नाही माझा."

सुमितने घरघंटी बाजूला ढकलली. "मग विकायची ना ही! नको कोण बोललं?"

"माईकवर बोललोय. आता ही थांबल्याशिवाय मी कसा थांबू?" जगननी पाध्ये झोपलेत याची खात्री केली. "म्हणून तर रोज दिव्याच्या रस्त्याने घालतो. मिळेल त्याला भरतो. वाटलं, आज तरी दमेल. काय नाय. उलट एव्हरेज वाढला तिचा."

"आणि बॅटरीची वायर? ती मी रोज सैल करत होतो."

"तू होतास होय." जगननी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. "मला सकाळी उठून वाटायचं, अरे वा, वायर सैल झाली, आज जमतंय. पण हा हात. चौतीस वर्षं मशीनला लावायच्या आधी प्रत्येक नट चाचपायचा. मी नको नको म्हणेपर्यंत हा पाना घेऊन घट्ट करून मोकळा. हात ऐकत नाही रे."

पुढून क्वालिसचं इंजिन ऐकू येत होतं. एकाने दोन महिने आणि दुसऱ्याने तीन दिवस तिच्याशी झुंज दिली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"पण आज मीच थांबलो," जगन शेवटी म्हणाले. "मागात हेच सांगतात. धागा तुटला की कबूल करायचं. आता पाध्येंना मी सांगतो. माझा धागा तुटला."

टेंभी नाक्याला हेमाआत्या खालीच उभी होती. गाडी थांबली आणि ड्रायव्हरच्या दारातून प्रियांका उतरली, तेव्हा आत्या जय भीम म्हणायचंच विसरली. सुमित धावत बायकोकडे गेला.

"झालं सगळं! पप्पा तयार झाले. ही विकायची, उद्या आपली गाडी येते."

प्रियांकाने क्वालिसचं दार हळूच लावलं. "कोणती विकायची?"

"ही."

"सुमित, नाक्यावर रिक्षावाले बाजूला झाले." मनाने ती अजून स्टिअरिंगवरच होती. "मी हॉर्न नव्हता मारला. बस थांबली माझ्यासाठी. मला अख्खं ठाणे वरून दिसत होतं. नवीन गाडी पप्पांना दे. मी हीच चालवणार."

"अगं, पार्किंग एक आहे."

"ते तू बघ."

रविवारी नवीन गाडी आली. जगन त्यात बसले, डावा पाय लांब करून ठेवला आणि म्हणाले, "याला काय काम आहे आता? आराम." पार्किंगचा प्रश्न त्र्यंबक पाध्ये यांनी सोडवला. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे जागा होती. क्वालिस तिथे उभी राहील, पण रोज सकाळी त्यांना कल्याणला सोडायचं, आणि दिव्यावरूनच सोडायचं, पाठीसाठी. प्रियांकाला ठाण्याला जायचं होतं, म्हणजे तिचा प्रवास आता तासाभराने वाढला. ती कबूल झाली.

सोमवारी सकाळी जगन नव्या गाडीतून दूध आणायला गेले. सुमितने खाली येऊन स्कूटरला किक मारली. मग दुसरी. मग बारावी. तीन दिवस त्याने दुसऱ्या गाडीची बॅटरी सांभाळली होती, स्वतःच्या स्कूटरकडे बघायला वेळच झाला नव्हता.

क्वालिसचा हॉर्न वाजला. सुमित मागच्या बाकड्यावर चढला. समोर पाध्ये पाठ ताठ करून तयार बसले होते.

"काय सुमित," त्यांनी अदबीने विचारलं, "नवीन गाडी कशी आहे?"

"माहीत नाही काका," सुमित बार धरत म्हणाला. "मी अजून बसलो नाही."

पुढे प्रियांकाने किल्ली फिरवली. पाव किल्लीत सुरू झाली.