नामंजूर ‘हं’

दूधविनायकाच्या गल्लीत समुपदेशन करणाऱ्या मालविकाची नोंदणी यंदा संपत होती. नूतनीकरणासाठी समुपदेशकांच्या संस्थेने तीस तासांचे पर्यवेक्षण सक्तीचे केले होते. समुपदेशक नीट ऐकतो की नाही, हे ज्येष्ठाने ऐकायचे. नियम उत्तम होता आणि तो पाळणारी माणसेही कामाला लागली.

मालविकाने मुक्ताकाकूंची केस निवडली. पहिल्या भेटीत काकू एवढेच म्हणाल्या होत्या, “एक गोष्ट आहे बेटा. चाळीस वर्षं कुणाला सांगितली नाही. घरी फुरसत कोणाला? अगल्या वेळेस सांगीन.”

पर्यवेक्षक देवव्रत सर ब्रह्मा घाटावरच्या वेदपाठी घराण्यातले. त्यांनी मालविकाला सगळी भेट तोंडपाठ म्हणायला लावली.

“काकूंच्या ‘फुरसत’नंतर तुम्ही ‘हं’ म्हणालात,” सर म्हणाले, “तो खालच्या स्वरात हवा. पुन्हा म्हणा.”

एका ‘हं’ला नऊ तास लागले. मालविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नोंदणी डोळ्यांसमोर होती. तिने पुन्हा म्हटला.

दुसऱ्या मंगळवारी काकूंनी तोंड उघडताच ती घाईने म्हणाली, “गोष्ट आत्ता नको काकू! ‘हं’ अजून मंजूर झालेला नाही.”

मग देवव्रत सर नीट ऐकतात का, हे ऐकायला संस्थेच्या वीणाताई आल्या. त्यांच्यावर श्रीनिवासराव नेमले गेले. त्यांनी संमतिपत्र मागवले: काकूंनी अजून न सांगितलेली गोष्ट चौघांनी ऐकायला काकूंची हरकत नाही.

“सही करते बेटा. पण ऐकणार कधी?” काकूंनी विचारले. अहवालात या प्रश्नाची नोंद ‘रुग्णाचा असहकार’ अशी झाली.

तिसावा तास भरला. चौघांनी एकमेकांना प्रमाणपत्रे दिली, कचोरी खाल्ली. मालविका उत्साहाने बाहेर आली, तर काकूंची खुर्ची रिकामी. अभिप्रायाच्या फॉर्मवर काकूंचे अक्षर होते: “गोष्ट काल मुन्शी घाटावर एका नाववाल्याला सांगितली. तो नुसता वल्हवत राहिला. जीव हलका झाला.”

मालविकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. संस्थेने मात्र त्या नाववाल्याची नोंदणी आहे का, याची चौकशी लगेच सुरू केली.

तुम्हीही इथवर वाचलेत, ‘हं’पाशी हसलात. काकूंची गोष्ट काय होती, हे तुम्ही तरी कुठे विचारलेत? पर्यवेक्षणाचा अर्धा तास तुमच्याही नावावर लावून देऊ.