इरण्णा गाडी बघतो

टेस्ट राइडला जाऊन मोटारसायकल जागची न हलवणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच असेल, आणि तो आमच्या शुक्रवार पेठेत राहतो. इरण्णा शोरूममध्ये जातो, स्पोर्ट्स बाइकवर बसतो, ती चालू करायला लावतो आणि तसाच बसून राहतो. वेळही भर उन्हाची गाठतो. शोरूमचा माणूस एकदा पाणी आणून देतो, दोनदा देतो, मग भीत भीत विचारतो, "सर, एक चक्कर मारून येताय ना?"

"चक्कर कशाला? ट्रॅफिकमधी गाडी पळत न्हाय, उभी ऱ्हाती. उभी कशी ऱ्हाती ते बघतोय की."

मग तो पँट वर करून नडगीला हात लावून बघतो. इंजिनाच्या झळीनं नडगी तापली असेल तर गाडी नापास. सोलापूरचं ऊन वरून आणि इंजिन खालून, असं दोन्हीकडून भाजून घ्यायला आपण काय वांगं आहोत का, असं त्याचं म्हणणं.

इरण्णा आणि मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तो रंगखात्यात, मी ऑफिसात. खात्यात कुठला रंग चालू आहे ते त्याच्या नखांवरून कळतं. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. 'एन माडूदु', म्हणजे काय करायचं, हे त्याचं पालुपद. पगार उशिरा झाला तरी एन माडूदु आणि जिलेबी जास्त झाली तरी एन माडूदु.

मला गाडी चालवता येत नाही. त्यामुळं गेली कित्येक वर्षं मी इरण्णाच्या जुन्या मोटारसायकलवर मागं बसून कारखान्यात जात होतो. सीट लांबरुंद, वर त्यानंच अंथरलेला आमच्याच कारखान्यातला टॉवेल. मागं बसण्याची अट एकच होती, त्यानं काही म्हटलं की उत्तर द्यायचं. तो गाडी चालवताना अखंड बोलतो. "बघा नाना, ह्यो रिक्षावाला डावीकडं हात दावून उजवीकडं वळणार बघा." रिक्षावाला उजवीकडं वळायचा. मी "व्हय" म्हणायचं. मी गप्प राहिलो तर इरण्णा गाडी बाजूला घेऊन थांबवायचा आणि मागं वळून बघायचा, मी पडलो की काय म्हणून.

अशा माणसानं पंचावन्नाव्या वर्षी जाहीर केलं, की आता स्पोर्ट्स बाइक घ्यायची. मला धडकीच भरली. माझी निवृत्ती दिवाळीनंतर होती. तोवर मी बसायचं कुठं? रस्त्यावर बघतो ना मी त्या गाड्या. मागची सीट पोळपाटाएवढी, आणि तीही माळ्यावर ठेवल्यासारखी.

माझी सीट वाचवायची म्हणून मी दर रविवारी त्याच्याबरोबर शोरूमला जायला लागलो. "आमचा गडी म्हणजे बैलबाजारात निघाल्यावानी निघतोय," त्याची बायको महानंदा म्हणायची. खोटं नव्हतं. गाडीला तो आधी मागून बघायचा, मग बाजूनं, मग पाठीवर थाप मारायचा. शोरूमचा पोरगा इंजिनाची ताकद सांगायला लागला, टॉप स्पीड सांगायला लागला, की इरण्णा हात वर करायचा.

"ते ऱ्हाऊ दे. कमीत कमी किती? पाय न टेकवता किती हळू जाती ते सांग."

पोरगा माहितीपत्रक उलटंपालटं करायचा. तसलं काही त्यात छापलेलं नसायचं.

"आमच्या पेठेत माणूस गाडीच्या पुढं चालत असतोय बाबा. त्येच्या मागं जायाची कला पायजे गाडीत."

नडगीची परीक्षा पास झाली की भाकरीची परीक्षा असायची. त्यासाठी मात्र गाडी जागची हलायची. महानंदाकडून कडक भाकऱ्या घ्यायच्या, पापडासारख्या, नुसतं बोट लागलं तरी तुटतील अशा. त्या पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवायची, आणि गाडी गल्लीबोळातून, सगळ्या स्पीडब्रेकरवरून फिरवून आणायची. शोरूमच्या काउंटरवर पिशवी उघडायची. भाकरीचा चुरा झाला असेल तर गाडी नापास. "भाकरीचं ह्ये हाल, तर माझ्या कमरेचं काय?" मग तोच चुरा शेंगाचटणीबरोबर मेकॅनिक लोकांत वाटायचा. गाडी न घेता एवढी आवभगत झालेलं गिऱ्हाईक दुसरं नसेल.

एका रविवारी भाकऱ्या अखंड आल्या. नडगी थंड होती. गाडी माणसाच्या मागं मुंगीसारखी चालत होती. शिवाय मागची सीट चांगली ऐसपैस. मी मनात साखर वाटून मोकळा झालो. इरण्णानं सीटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "न्हाय जमायचं. सीट लई मोठी हाय."

सीट मोठी आहे म्हणून गाडी नाकारलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढच्या शोरूममध्ये काळी गाडी होती. मागची सीट म्हणजे शोभेची उशी. "नाना, बसून बघा की," पुढं बसलेला इरण्णा म्हणाला. मी शोरूमच्या दोन पोरांच्या आधारानं चढलो आणि बसल्याबरोबर घसरून त्याच्या पाठीवर जाऊन आदळलो.

"बसाय येत न्हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"कुणालाच यायचं न्हाय. बरं बरं." आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू लेकीचं लग्न ठरलं. तीच गाडी त्यानं पसंत केली.

मला राग आला. उघडच सांगतो, वाईटही वाटलं. एवढ्या वर्षांचा शेजार, एवढ्या वर्षांचं 'व्हय व्हय', आणि ह्याला दिवाळीपर्यंत कळ काढवेना. मी चार दिवस मागं बसून एक शब्द बोललो नाही. त्यानं दर थोड्या अंतरावर गाडी थांबवून मागं बघितलं आणि आम्हाला कारखान्यात पोचायला उशीर झाला.

पण गाडी काही घरी येईना. शोरूममधून फोन यायचा. इरण्णा कधी म्हणायचा मुहूर्त नाही, कधी म्हणायचा आरसा बदला, कधी नुसतंच एन माडूदु. दिवाळी झाली. माझ्या निवृत्तीचा दिवस आला. कारखान्यानं मला शाल, नारळ आणि टॉवेलांचा मोठा सेट दिला. जन्मभर टॉवेलांत काढलेल्या माणसाला टॉवेल देणाऱ्यांचं मला कौतुक वाटलं. ते मांडीवर घेऊन मी जुन्या गाडीवर शेवटचा बसलो.

अक्कलकोट रोडवर उसाची ट्रॉली आडवी झाली होती. पुढं काही हलेना. इरण्णानं गाडी बंद केली.

"नवी गाडी उद्या आणतोय," तो पुढं बघतच म्हणाला.

"आण की," मी म्हणालो. "आता मला काय."

"तुमी हाय तोवर कशी आणू? तुमी कुटं बसला असता?"

मला काही समजेना. "मग तसली सीट बघितलीसच कशाला?"

त्यानं हँडलवरची धूळ पुसली. "सायेब म्हनले, तुमच्या जाग्यावर येनारा मानूस पेठेतलाच हाय. त्येला रोज घिऊन येत जा. मला न्हाय म्हनाय जमत न्हाय, नाना. सीट आसल तर कुनीतरी बसनारच की. आन् कुनी न्हाय बसलं, तर ती रिकामी घिऊन हितनं रोज मी एकटा जाऊ व्हय? त्यापरीस सीटच नगं."

चार दिवस मी ह्या माणसाशी अबोला धरला होता. मी "व्हय" म्हणालो. त्यावर त्यानं मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या डब्याची सवयीची गडबड नव्हती. मी पायजम्यावरच चहा घेत ओट्यावर बसलो होतो. काळी गाडी हार घालून, लिंबू बांधून, माणसाच्या चालीनं गल्लीत आली आणि नेमकी माझ्या ओट्याला लागून थांबली.

"चौकापतोर चला की," इरण्णा म्हणाला.

"बसता येत नाही, तूच म्हणाला होतास."

"ओट्यावरनं चढाय येतंय. बघितलंय मी काल माप घिऊन."

मी ओट्यावरून त्या उशीवर चढलो. पायजमा कशाला तरी अडकला, तो सोडवायला समोरची पोरं धावली, बायको दारातून कमरेची आठवण करून देत राहिली. अखेर मी इरण्णाच्या डोक्याच्याही वर जाऊन बसलो.

"दिसतंय का पुढचं?"

"पार अक्कलकोटपर्यंत दिसतंय."

आम्ही पायी चालणाऱ्या एका म्हातारबाबांच्या मागं मागं चौकापर्यंत गेलो. इरण्णा सगळा वेळ बोलत होता आणि मी त्याचे खांदे घट्ट धरून व्हय, व्हय म्हणत होतो. चौकात त्यानं मला एका दुकानाच्या पायरीशी उतरवलं. त्याला पुढं कारखान्याला जायचं होतं, मला चालत घरी. मी निघालो तशी त्यानं हाक मारली.

"नाना, उद्या पायजमा घालू नगा. चढताना अडकतोय."